लघुउद्योजक नावाचा बिनव्याजी सावकार

‘छोट्या उद्योगांना कर्ज मिळत नाही’ हे वाक्य आपल्याकडे इतके निर्विवाद झाले आहे की अर्थमंत्री कोणत्याही पक्षाचा असो, त्याच्या अर्थसंकल्पी भाषणात त्यावर एक परिच्छेद ठरलेला असतो आणि परिच्छेदाच्या शेवटी एक वाढीव आकडा. मुद्रा योजना एप्रिल २०१५ मध्ये आली तेव्हा कर्जाची कमाल मर्यादा १० लाख होती. २०२४ मध्ये, आधीचे कर्ज नीट फेडलेल्यांसाठी ती २० लाख झाली. बिनतारण कर्जाला हमी देणारा सीजीटीएमएसई हा ट्रस्ट २००० सालापासून आहे. त्याची हमी-मर्यादा २०२५ च्या अर्थसंकल्पात ५ कोटींवरून १० कोटींवर गेली. २०१८ च्या दिवाळीच्या तोंडावर ‘५९ मिनिटांत कर्ज’ हे संकेतस्थळ आले. करोनाच्या पहिल्या उन्हाळ्यात ३ लाख कोटींची तातडीची कर्जहमी आली, तीही शंभर टक्के. मागणारे उद्योजक, देणारे सरकार आणि ‘दिले ते पोचलेच नाही’ म्हणणारा विरोधी पक्ष, तिघांचे एका गोष्टीवर एकमत असते. दुखणे कर्जटंचाईचे आहे आणि उपाय कर्जपुरवठ्याचा आहे.

हे निदान मला मान्य नाही. निदान अर्धे तरी नाही.

प्रतिपक्षाची बाजू आधी नीट मांडू, कारण ती पोकळ नाही. यू. के. सिन्हा यांच्या अध्यक्षतेखालील रिझर्व्ह बँकेच्या तज्ज्ञ समितीने २०१९ मध्ये या क्षेत्रातली कर्जाची तूट २० ते २५ लाख कोटी रुपयांची असल्याचे म्हटले. तज्ज्ञांच्या वर्तुळात याहून वजनदार पुरावा अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांचा मानला जातो. १९९८ मध्ये सरकारने लघुउद्योगाच्या व्याख्येतली यंत्रसामग्रीची मर्यादा ६५ लाखांवरून ३ कोटींवर नेली आणि २००० मध्ये ती पुन्हा १ कोटीवर आणली. म्हणजे काही कारखाने दोन वर्षांपुरते, बँकांना ज्याला कर्जाचा ठरावीक वाटा द्यावाच लागतो त्या ‘अग्रक्रम क्षेत्रा’त आले आणि बाहेर गेले. या दोघांनी एका सरकारी बँकेच्या कर्जदारांचे हिशेब तपासले. कर्ज वाढले तेव्हा कारखान्यांनी त्या पैशातून जुनी महाग देणी फेडण्याऐवजी उत्पादन वाढवले, विक्री वाढली, नफाही वाढला. याचा अर्थ सरळ आहे. त्या कारखान्यांना पैशाची खरीच चणचण होती आणि पैसा मिळाल्यावर त्यांनी तो कामाला लावला.

हा निष्कर्ष खोडून काढण्याची माझी इच्छा नाही. चणचण आहेच. माझा प्रश्न तिच्या उगमाचा आहे. घरात पैसा नाही हे कळल्यावर तो कधी आलाच नाही की आपलाच पैसा दुसऱ्याकडे अडकून पडला, याची चौकशी न करता कर्ज काढून देणाऱ्याला आपण शहाणा म्हणत नाही. लघुउद्योगाच्या बाबतीत सरकार सत्तर वर्षे बहुतांशी तेच करत आले आहे.

आता एक हिशेब मांडतो. आकडे कल्पित आहेत, पण भोसरी, सातपूर, वाळूज किंवा शिरोली, कुठल्याही औद्योगिक वसाहतीत दाखवले तर कोणी हसणार नाही. एका वर्कशॉपची वर्षाची उलाढाल १ कोटी २० लाख, म्हणजे महिन्याला १० लाखांचे बिल. याला खेळते भांडवल किती द्यायचे याचे सूत्र बँकेकडे तयार आहे, आणि ते १९९२ सालचे आहे. पी. आर. नायक समितीने सांगितले की अंदाजित उलाढालीच्या २० टक्के बँकेने द्यावे आणि ५ टक्के मालकाने घालावे. म्हणजे २४ लाख बँकेचे, ६ लाख घरचे, एकूण ३० लाख. सूत्राच्या पोटात एक गृहीतक आहे, ज्याकडे फारसे कोणी बघत नाही. पैशाचे चक्र तीन महिन्यांत पुरे होते. कच्चा माल घेतल्यापासून विक्रीचा पैसा खात्यात येईपर्यंत तीन महिने, वर्षाला चार फेऱ्या.

आमच्या वर्कशॉपमध्ये माल आणून, तो मशीनवर चढवून, तपासून, गाडीत भरेपर्यंत एक महिना जातो. पार्टी पैसे देते बिलानंतर नव्वद दिवसांनी. झाले चार महिने, म्हणजे ४० लाख अडकले. १० लाखांचा खड्डा पडला. हा खड्डा नेमका मुद्राच्या ‘तरुण’ गटाएवढा आहे, आणि मालक नेमका तोच अर्ज घेऊन बँकेत उभा राहतो. बँकेच्या दफ्तरी तो ‘कर्जाची गरज असलेला सूक्ष्म उद्योजक’ म्हणून नोंदवला जातो, जिल्ह्याच्या उद्दिष्टात एक आकडा भरतो, मेळाव्यात मंजुरीपत्र घेताना त्याचा फोटोही निघतो. १० लाखांवर बारा टक्क्यांनी वर्षाला १ लाख २० हजार व्याज. जॉबवर्कच्या धंद्यात पाच टक्के नफा सुटला तरी नशीब म्हणायचे, म्हणजे ६ लाख. त्यातला पाचवा हिस्सा दुसऱ्याच्या दिरंगाईचे भाडे भरण्यात गेला. त्याच पार्टीने नव्वदऐवजी पंचेचाळीस दिवसांत पैसे दिले असते तर महिना १० लाखांच्या हिशेबाने १५ लाख कायमचे मोकळे झाले असते. ना व्याज, ना हमी, ना मेळावा.

तोट्याचा फेरा इथे थांबत नाही. कॅश क्रेडिटवर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट द्यावे लागते आणि त्यावरून बँक ठरवते की मंजूर लिमिटमधले किती उचलता येईल. त्यात येणी धरली जातात, पण सर्वसाधारणपणे नव्वद दिवसांच्या आतली. बिल त्याहून जुने झाले की बँकेच्या लेखी ते संशयास्पद. याचा परिणाम उलटा होतो. पैसे जितके जास्त अडकतील तितकी उचल कमी. ज्या महिन्यात पार्टी सर्वात जास्त रखडवते, त्याच महिन्यात बँक हात आखडता घेते, आणि सात तारखेचे पगार भिशीतून किंवा सोन्याच्या तारणावर भागवले जातात.

वर जीएसटी. बिल फाडले की पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला कर भरायचा, पैसे आले असोत वा नसोत. उशीर झाला तर अठरा टक्के व्याज. ज्याने माल घेतला तो मात्र त्या बिलावरचे इनपुट क्रेडिट घेऊन मोकळा होतो आणि पुरवठादाराला पैसे द्यायला जीएसटी कायदा त्याला १८० दिवस देतो; त्यानंतर क्रेडिट परत करावे लागते. लघुउद्योगांचा कायदा म्हणतो ४५ दिवस, कराचा कायदा म्हणतो १८०. दोन्ही कायदे एकाच संसदेचे.

अर्थशास्त्राच्या पुस्तकात व्यापारी उधारीचे एक समंजस चित्र असते. ज्याला बँक स्वस्तात कर्ज देते तो मोठा विक्रेता छोट्या गिऱ्हाइकाला उधार माल देतो. जणू मोठ्याच्या पतीची सावली छोट्यावर पडते. आपल्याकडे छोट्या कारखानदाराच्या डोक्यावर हे चित्र उलटे टांगलेले आहे. पोलाद घ्यायला गेला तर रोख किंवा फार तर पंधरा-वीस दिवस, कारण विकणारा मोठा. तयार भाग द्यायला गेला तर नव्वद दिवस, कारण घेणाराही मोठा. मधल्या मध्ये पैसा पुरवतो तो, ज्याचा व्याजदर साखळीत सर्वात जास्त आहे. ‘उधारी ही बाजाराची रीत आहे, दोघांनी राजीखुशीने ठरवलेली अट आहे, सरकारने त्यात का पडावे?’ असे विचारणाऱ्या मुक्त बाजारवाल्यांनी याचे उत्तर द्यावे. आठ टक्क्यांनी पैसा उभा करू शकणाऱ्याचे ओझे बारा-चौदा टक्केवाला वाहतो, यात कोणती कार्यक्षमता साधते? कार्यक्षमता नाहीच, फक्त पुढची ऑर्डर कोणाच्या हातात आहे एवढेच त्यातून दिसते.

‘गेम’ ही उद्योजकता-विषयक संस्था आणि डन अँड ब्रॅडस्ट्रीट यांनी २०२२ मध्ये अंदाज केला होता की लघु व मध्यम उद्योगांचे सुमारे १० लाख ७० हजार कोटी रुपये दरवर्षी रखडलेल्या देण्यांत अडकतात. सिन्हा समितीच्या तुटीशी याची थेट वजाबाकी करणे गैर होईल, दोन्ही मोजण्याच्या पद्धती वेगळ्या आहेत. पण ज्या तुटीसाठी आपण इतक्या योजना राबवतो तिच्या जवळपास निम्म्या आकाराचा डोंगर शेजारीच उभा असेल, तर त्याच्याकडे पाठ करून उभे राहण्याला धोरण म्हणता येत नाही.

‘कायदा आहे ना’ असे कोणी म्हणेल. आहे, आणि चांगला कडक आहे. १९९३ चा एक कायदा होता. तो पोटात घेऊन २००६ चा एमएसएमईडी कायदा आला. लेखी करार असला तरी ४५ दिवसांपलीकडे मुदत नाही. करार नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, मासिक चक्रवाढीने, म्हणजे आजच्या दरांनी सोळा ते अठरा टक्क्यांच्या घरात. असे व्याज लावायची सोय सावकारालाही नाही! तक्रारीचा निवाडा राज्याची सुविधा परिषद करते; त्याविरुद्ध कोर्टात जायचे तर खरेदीदाराने आधी ७५ टक्के रक्कम भरायची. २०१७ पासून तक्रार नोंदवायला ‘समाधान’ संकेतस्थळही आहे.

मग अडते कुठे? पहिल्या पायरीवर. तक्रार पुरवठादाराने करायची आहे. ज्याच्या कारखान्यातल्या दोन मशीनचे पोट एकाच कंपनीच्या शेड्यूलवर भरते, तो त्या कंपनीविरुद्ध सुविधा परिषदेकडे कधी जाईल? धंदा तुटल्यावर. म्हणून परिषदांसमोर येणारी प्रकरणे बहुधा मेलेल्या नात्यांची असतात. जिवंत नात्यात व्याज मागायची हिंमत कोणी करत नाही. ‘साहेब, थोडं बघा की’ एवढ्यावरच भागते. आणि घड्याळ कधी सुरू झाले हेही साहेबच ठरवतात. माल गेटवर उतरतो, चलनावर शिक्का बसतो, पण जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची पावती, निघत नाही, कारण क्वालिटीवाल्याने अजून पाहिलेले नाही. पंधरा दिवसांत लेखी हरकत आली नाही तर माल उतरला तोच दिवस धरावा, असे कायद्यात स्पष्ट आहे. स्टोअरच्या खिडकीवर मात्र जीआरएनची तारीख चालते. मग रिजेक्शनची डेबिट नोट, मग बिल पुढच्या पेमेंट सायकलमध्ये.

इथे मला ऊस आठवतो, आणि महाराष्ट्रात या विषयावर लिहिणाऱ्याला तो आठवलाच पाहिजे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार कारखान्याने ऊस मिळाल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे. न दिल्यास पंधरा टक्के व्याज. इथवर लघुउद्योगाच्या कायद्यासारखेच. फरक पुढे आहे. शेतकऱ्याला एकट्याने फिर्यादी व्हावे लागत नाही. पुण्याच्या साखर संकुलात बसलेल्या आयुक्तांकडे कारखानावार थकबाकीचा तक्ता असतो. हंगामात तो वर्तमानपत्रांत छापून येतो. थकबाकी राहिली की आयुक्त आरआरसी, म्हणजे महसुली वसुलीचे प्रमाणपत्र, काढतात आणि जिल्हाधिकारी ती जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करू शकतो, गोदामातली साखर जप्त करूनही. सगळे पैसे वेळेवर मिळतात असे नाही. शेतकरी संघटनांना रस्त्यावर उतरावे लागते ते उगीच नाही. पण कोणत्या कारखान्याकडे किती बाकी आहे हे गावातल्या पोराला सांगता येते. चाकणच्या एखाद्या बड्या कंपनीने आपल्या तीनशे छोट्या पुरवठादारांचे किती दिवसांचे पैसे दाबून ठेवले आहेत, हे कोणाला सांगता येईल?

‘उसाची गोष्ट वेगळी, एक वस्तू, सरकारने ठरवलेला दर. इंजिनिअरिंगमध्ये हजार भाग, हजार दर, कोण नोंद ठेवणार?’ हा आक्षेप २०१० साली बिनतोड होता. आज नाही. पाच कोटींवर उलाढाल असलेल्यांचे प्रत्येक व्यापारी बिल ऑगस्ट २०२३ पासून सरकारी यंत्रणेत नोंदल्याशिवाय वैधच होत नाही. त्याखालच्यांची बिलेही जीएसटी विवरणपत्रात जातात. आणि इनपुट क्रेडिट घ्यायचे तर माल प्रत्यक्ष मिळालेला असला पाहिजे, अशी कराच्या कायद्याची अट आहे. म्हणजे ज्या दिवशी खरेदीदार क्रेडिट घेतो त्या दिवशी तो सरकारला सांगत असतो की माल पोचला. त्याच मालाबद्दल पुरवठादाराला तो सांगत असतो की तपासणी बाकी आहे. एका तोंडाने दोन साक्षी. क्रेडिट घेतल्याच्या तारखेपासून ४५ दिवस मोजायचे आणि पुढचे व्याज पुरवठादाराच्या खात्यावर आपोआप आकारायचे, एवढी सांगड सरकारने घातली तर तक्रार करायची पाळीच येणार नाही. माहिती आहे, संगणक आहे, कायदाही आहे. करचुकवा पकडायला हे तिन्ही एकत्र येतात, देणे चुकवणारा पकडायला येत नाहीत.

गेल्या काही वर्षांत सरकारला या दिशेची चाहूल लागली आहे, हे मान्य केले पाहिजे. आयकर कायद्यात ४३ब (ह) हे कलम आले. सूक्ष्म व लघुउद्योगांचे देणे मुदतीत दिले नाही तर तो खर्च, प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत, वजावटीला धरायचा नाही. एप्रिल २०२४ मध्ये ते लागू होण्याच्या सुमारास बाजारात जी पळापळ झाली तिच्यावरूनच दुखरी नस सापडली हे कळले. पण कलमाची रचना अशी की उशिरा का होईना, त्याच आर्थिक वर्षात पैसे दिले तर वजावट मिळते. म्हणजे जूनचे बिल डिसेंबरात दिले तरी कराच्या दृष्टीने काही बिघडत नाही. हा मार्च महिन्याचा कायदा आहे. शिवाय त्यात कापडाचा किंवा हार्डवेअरचा छोटा व्यापारी येत नाही, आणि काही खरेदीदारांनी तर लघुउद्योग म्हणून केलेली ‘उद्यम’ नोंदणी रद्द करा नाहीतर ऑर्डर विसरा, असे पुरवठादारांना सुनावल्याच्या बातम्याही आल्या. संरक्षण पुरवठादाराच्या बिल्ल्याला चिकटवले की तो बिल्ला काढून घेण्याचा दबाव येणारच. बंधन खरेदीदाराच्या आकाराला चिकटवावे. अमुक कोटींवरच्या कंपनीने बिल कोणाचेही असो, मुदतीत द्यावे.

ट्रेड्स या बिलवटावाच्या ऑनलाइन व्यवस्थेची कल्पना मला या सगळ्यात सर्वात सुजाण वाटते. बिल संकेतस्थळावर चढवायचे, खरेदीदाराने ते कबूल करायचे, बँका त्यावर बोली लावतात. पुरवठादाराला एक-दोन दिवसांत पैसे मिळतात, तेही खरेदीदाराच्या पतीनुसार ठरलेल्या व्याजाने, आणि मुदत संपल्यावर बँक खरेदीदाराकडून वसूल करते. खरेदीदाराने बुडवले तरी बँक पुरवठादाराच्या दारात येत नाही. ही व्यवस्था २०१७ पासून चालू आहे; २५० कोटींवर उलाढालीच्या कंपन्यांना मार्च २०२५ पर्यंत तिथे नोंदणी करणे सक्तीचे झाले. पण सक्ती नोंदणीची, बिल कबूल करण्याची नव्हे. किल्ली पुन्हा त्याच खिशात.

गंमत म्हणजे कर्ज विक्रीच्या बिलाला जोडण्याची ही युक्ती आपल्याला परकी नाही. गोरवाला समितीने १९५४ मध्ये ग्रामीण पतपाहणीचा अहवाल दिला, तेव्हा धनंजयराव गाडगीळ तिचे सदस्य होते. शेतकऱ्याच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा अवघा ३.१ टक्के निघाला. समितीचा सल्ला नुसता ‘वाटा वाढवा’ असा नव्हता. पतपुरवठा, मालाची विक्री आणि प्रक्रिया यांची सांगड घाला, असे तिने सांगितले. नाहीतर दिलेला पैसा ज्याच्या हातात बाजार आहे त्याच्याकडेच जाईल. पुढे उसाच्या बिलातून सोसायटीचे कर्ज वळते होऊ लागले ते त्याच विचाराने. शेतीच्या बाबतीत जे सत्तर वर्षांपूर्वी कळले, ते कारखानदारीच्या बाबतीत योजना आखणाऱ्यांना अजून उमगलेले दिसत नाही.

मग कर्जयोजना बंद करायच्या का? अजिबात नाही. नवे मशीन घ्यायचे तर मुदतकर्जच लागते. गाडीवर भाजी विकणाऱ्याचा सगळा धंदा रोखीचा. त्याचे पैसे कोणी रखडवत नाही, त्याला भांडवलच नसते, आणि स्वनिधी योजनेचे १० हजार त्याच्या दृष्टीने खरेच मोलाचे होते. ‘मुद्राचे पैसे लोक बुडवतात’ अशी टीका करणाऱ्यांशी तर माझे आणखी वेगळे भांडण आहे, पण ते इथे नको. माझा आक्षेप एवढाच की दोन निराळ्या गरजांना एकच कागद पुढे केला जातो. ज्याचे पैसे अडकले आहेत त्याला सरकारी हमीचे कर्ज देणे म्हणजे अडकवणाऱ्याच्या दिरंगाईला करदात्याने जामीन राहणे.

अमेरिकेने २०११ मध्ये केंद्र सरकारच्या छोट्या कंत्राटदारांची बिले तीसऐवजी पंधरा दिवसांत द्यायला सुरुवात केली. बारो आणि नंदा या दोन अभ्यासकांना त्यानंतर त्या व्यवसायांतला रोजगार वाढलेला आढळला. जिथे बेकारी आधीच कमी होती तिथे मात्र तो इतरांकडचे कामगार ओढून वाढला, असेही त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवले. त्यासाठी नवी कर्जयोजना लागली नाही. देणारे सरकारच होते, त्याने लवकर दिले.

आपल्याकडेही मोठ्या खरेदीदारांत सरकार येते; राज्याची खाती, महामंडळे, महापालिका, जिल्हा परिषदा. २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्या कंत्राटदारांनी थकलेल्या बिलांसाठी आंदोलने केली. त्यांत रस्ते बांधणारे बडे होते, तसे गावोगावच्या पाणी योजनांची कामे घेतलेले छोटेही होते. एमएसएमईडी कायद्यात ‘खरेदीदार’ शब्दातून सरकारला वगळलेले नाही, आणि सुविधा परिषद नेमण्याचे काम राज्य सरकारचेच आहे. तरी सरकारी कामांच्या अटींमध्ये ‘देयक निधीच्या उपलब्धतेनुसार अदा करण्यात येईल’ अशा अर्थाचे वाक्य सर्रास भेटते. ४५ दिवसांच्या कायद्याशी त्याचा मेळ बसत नाही, आणि ते काढून टाकायला केंद्राची परवानगी, बँकेची मंजुरी किंवा पुढच्या अर्थसंकल्पाचा परिच्छेद यांपैकी काहीही लागत नाही.